हायड्रोटेस्टचे पॅकेज: कारखान्याच्या पायपिंगसाठी फाइल कशी बांधावी

हायड्रोटेस्ट म्हणजे बसवलेली लाइन पाण्याने भरून, दाब देऊन गळती तपासणे; तिच्या कागदांच्या टेस्ट पॅकेजला साइटवर सगळे जण नुसते ‘फाइल’ म्हणतात, आणि या सवयीतूनच असा समज रूढ झाला आहे की लाइनचे वेल्डिंग संपले की कागद गोळा करायचे, त्यांना पंच मारून फोल्डरमध्ये लावायचे आणि क्यूसीकडे (गुणवत्ता तपासणी विभागाकडे) पाठवून द्यायचे. खरे पाहता पॅकेजचे निम्मे काम लाइनचा पहिला स्पूल (पाइपचा जोडून तयार केलेला तुकडा) उभा राहण्यापूर्वी टेबलावर होते. टेस्टची हद्द कुठे ठेवायची, दाब किती द्यायचा, पाणी कुठून भरायचे आणि हवा कुठून बाहेर काढायची, हे तेव्हाच ठरले नाही तर फाइल कितीही जाड झाली तरी टेस्टच्या दिवशी फिटर आणि इंजिनिअर दोघेही पाइप रॅकवर उभे राहून वाद घालतात. पुढील मांडणी रासायनिक कारखाने आणि रिफायनरी यांच्या पायपिंगला लागू होणाऱ्या एएसएमई बी३१.३ या कोडला धरून केली आहे. मात्र मालकाचे स्पेसिफिकेशन कोडपेक्षा कडक असेल तर तेच पाळावे.

हद्द आखणे

सुरुवात पी अँड आयडीच्या (लाइन, व्हॉल्व्ह आणि उपकरणे कशी जोडली आहेत ते दाखवणाऱ्या आराखड्याच्या) ताज्या प्रतीपासून आणि रंगीत मार्करपासून करावी. एका पॅकेजमध्ये त्याच लाइन घ्याव्यात ज्यांचा टेस्टचा दाब एक आहे, टेस्टचे माध्यम एक आहे आणि ज्या एकमेकींना प्रत्यक्ष जोडलेल्या आहेत. कार्बन स्टील आणि स्टेनलेस स्टील एकाच पॅकेजमध्ये आले तर पाण्याची अट स्टेनलेसची धरावी लागते, म्हणून शक्यतो ती वेगळी ठेवावीत. वाफेच्या ज्या लाइन इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, १९५० यांच्या कक्षेत येतात त्यांचे पॅकेज तर स्वतंत्रच हवे, कारण त्यांच्या पाइपांचे आणि फिटिंगांचे फॉर्म ३-ए व ३-सी, मंजूर ड्रॉइंग आणि बॉयलर निरीक्षकाची उपस्थिती हा सगळा व्यवहारच निराळा असतो.

पॅकेज केवढे असावे याला कोडमध्ये उत्तर नाही. माझा स्वतःचा निकष असा आहे की दोन माणसांना आयसोमेट्रिक (लाइनचे त्रिमितीय ड्रॉइंग) हातात घेऊन एका दिवसात जेवढी लाइन नीट पाहता येते, तेवढेच पॅकेज. त्याहून मोठे केले की शेवटच्या दहा जॉइंटांसाठी आधीचे दोनशे जॉइंट महिनाभर अडकून पडतात. फार लहान केले तर डम्या (टेस्टपुरत्या लाइन बंद करणाऱ्या प्लेटी) आणि गॅस्केटांचा खर्च वाढतो.

हद्दीवर बंद व्हॉल्व्ह ठेवून टेस्ट करण्याचा मोह टाळावा. व्हॉल्व्हच्या सीटवर किती दाब चालतो हे बॉडीवर चालणाऱ्या दाबापेक्षा वेगळे असते, आणि सीट गळू लागली तर गेजचा काटा का उतरतो आहे हे कोणालाच सांगता येत नाही. हद्द फ्लँजवर (बोल्टने जोडलेल्या सांध्यावर) घ्यावी आणि तिथे ब्लाइंड (बंद फ्लँज) किंवा डमी टाकावी. लाइन थेट वेसलला (दाबाच्या टाकीला) वेल्ड केलेली असेल आणि वेगळी करता येत नसेल, तर दोन्हींच्या टेस्टच्या दाबांची तुलना करावी. लाइनचा दाब वेसलच्या दाबाएवढा किंवा त्याहून कमी असेल तर दोन्ही मिळून लाइनच्या दाबाला तपासता येतात; तो जास्त असेल तर मालकाच्या संमतीने वेसलच्या दाबाला टेस्ट करता येते, मात्र त्यासाठी वेसलचा टेस्टचा दाब लाइनच्या टेस्टच्या दाबाच्या किमान ७७ टक्के असावा लागतो.

दाबाचे गणित

पाण्याने टेस्ट करताना किमान दाब डिझाइन प्रेशरच्या दीडपट असतो, आणि डिझाइनचे तापमान जास्त असेल तर त्याला आणखी एका गुणोत्तराने गुणावे लागते: टेस्टच्या तापमानाला त्या धातूवर मान्य असलेला ताण भागिले डिझाइनच्या तापमानाला मान्य असलेला ताण. समजा, ८ इंची कार्बन स्टीलच्या एका गरम लाइनचे डिझाइन प्रेशर २० बार आहे आणि हे दोन ताण अनुक्रमे १३८ आणि १२० मेगापास्कल आहेत. गुणोत्तर १.१५ येते, म्हणून टेस्टचा दाब २० गुणिले १.५ गुणिले १.१५, म्हणजे ३४.५ बार. नवीन मुले बहुतेक वेळा दीडपट करून थांबतात आणि ३० बारवर फाइल सादर करतात.

हा आकडा आला की लगेच दोन गोष्टी पडताळाव्यात. पहिली, हद्दीच्या आत कमी क्लासचा (दाब सोसण्याच्या श्रेणीचा) एखादा फ्लँज किंवा व्हॉल्व्ह अडकलेला तर नाही ना? कार्बन स्टीलच्या क्लास १५०च्या व्हॉल्व्हची बॉडी बनवणाऱ्याकडे सुमारे ३० बारला तपासलेली असते, क्लास ३००ची सुमारे ७७ बारला; म्हणून ३४.५ बारच्या पॅकेजमध्ये क्लास १५० दिसला, तर स्पेक ब्रेक (पाइपचे स्पेसिफिकेशन बदलते ती जागा) कुठेतरी नजरेतून सुटला आहे. दुसरी गोष्ट उंचीची. टेस्टचा दाब लाइनच्या प्रत्येक बिंदूला मिळायला हवा, म्हणजे सर्वांत वरच्या बिंदूलाही. पंप आणि गेज जमिनीवर असतील आणि लाइन २४ मीटर वर जात असेल, तर पाण्याच्या स्तंभाचे सुमारे २.४ बार मिळवून खालच्या गेजवर ३६.९ बार वाचायला हवेत. हा खालचा आकडा पॅकेजच्या मुखपृष्ठावरच ठळक लिहावा, कारण पंपावरचा माणूस आतली पाने उलटत बसत नाही.

डमीची जाडीही हिशोबाने काढावी, यार्डात पडलेला पत्रा कापून नव्हे. वरच्याच लाइनसाठी गॅस्केटचा आतला व्यास २२० मि.मी. आणि साध्या स्टीलची यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो ताण) २५० मेगापास्कल धरली, तर कोडच्या सूत्राने ३४.५ बारला ११ मि.मी.च्या थोडी वर जाडी लागते, म्हणून १२ मि.मी.ची प्लेट घ्यावी. यील्ड स्ट्रेंग्थ धरण्याची ही मुभा पाण्यासारख्या न दबणाऱ्या माध्यमापुरतीच आहे. डमी खालच्या गेजजवळ बसणार असेल तर गणितात ३४.५ऐवजी ३६.९ घालावेत.

हवेने किंवा नायट्रोजनने टेस्ट करायची असेल तर दाब डिझाइन प्रेशरच्या १.१ पटीहून कमी आणि १.३३ पटीहून जास्त नसावा. दाबलेल्या वायूत साठणारी ऊर्जा पाण्याच्या तुलनेत कैक पटींनी मोठी असल्यामुळे अशा पॅकेजमध्ये साठलेल्या ऊर्जेचा हिशोब, माणसांना दूर ठेवण्याचे अंतर, सेफ्टी व्हॉल्व्हचा सेट दाब आणि टप्प्याटप्प्याने दाब वाढवण्याचा तक्ता असायलाच हवा. लाइन भिजणे खरोखरच चालत नसेल किंवा सपोर्ट पाण्याचे वजन पेलणार नसतील तरच हा मार्ग घ्यावा. पाण्याची सोय करण्याचा कंटाळा हे कारण पुरेसे नाही.

फाइलमध्ये काय असावे

मुखपृष्ठावर पॅकेज क्रमांक, लाइन क्रमांक, माध्यम, दाब, गेजवर वाचायचा आकडा आणि सह्यांचे रकाने असावेत. त्यामागे हद्द रंगवलेला पी अँड आयडी, आयसोमेट्रिकची यादी आणि प्रत्येक आयसोमेट्रिक, वेल्ड मॅप (प्रत्येक वेल्डचा क्रमांक दाखवणारे ड्रॉइंग), जॉइंटनिहाय वेल्ड समरी, एक्स-रेचे निकाल, हीट ट्रीटमेंटचे चार्ट, डम्यांची यादी, पंप, गेज, व्हेंट (हवा काढण्याचे तोंड) व ड्रेनच्या (पाणी काढण्याच्या तोंडाच्या) जागा दाखवणारे रेखाटन, गेजचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, पंच लिस्ट (राहिलेल्या त्रुटींची यादी), टेस्ट रिपोर्ट आणि लाइन पूर्ववत करण्याची तपासणी यादी, एवढे असले की पुरे. हीट ट्रीटमेंट करायची असेल तर ती टेस्टच्या आधी पूर्ण झालेली असावी लागते, म्हणून त्या चार्टची तारीख टेस्टच्या तारखेशी ताडून पाहावी.

आयसोमेट्रिकच्या रिव्हिजनबाबत मात्र डोळ्यांत तेल घालावे. सुरुवातीच्या काळात मी एका पॅकेजला रिव्हिजन १ची आयसोमेट्रिक लावली होती. मधल्या काळात रिव्हिजन २ आली आणि तिच्यात पाऊण इंचाचा एक ड्रेन वाढला. फिटरने नवे ड्रॉइंग पाहून ड्रेन लावला, वेल्डरने तो जोडला, पण माझ्या वेल्ड मॅपवर तो जॉइंटच नव्हता, म्हणून त्याची तपासणी झाल्याची नोंदही कुठे नव्हती. दाब २८ बारला पोहोचला आणि नेमका तोच जॉइंट पाझरू लागला. पाणी काढणे, दुरुस्ती, पुन्हा भरणे आणि पुन्हा टेस्ट यांत तीन दिवस गेले. तेव्हापासून फाइल बंद करण्याच्या दिवशी डॉक्युमेंट कंट्रोलकडून रिव्हिजनची ताजी यादी मागवून प्रत्येक पान तिच्याशी ताडून पाहण्याचा नेम मी मोडलेला नाही.

लाइन चेक

आता फाइल घेऊन लाइनवर जावे, आणि जाताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाइपला हात लावत चालावे. दुरून, खालून मान वर करून केलेला लाइन चेक हा चेक नव्हे. प्रत्येक वेल्डचा क्रमांक, पाइपवरचा हीट नंबर (धातूच्या ओतीचा क्रमांक), चेक व्हॉल्व्हवरील बाणाची दिशा, सपोर्टचा प्रकार, उंच जागी व्हेंट, खोलगट जागी ड्रेन, स्टड नटच्या बाहेर आलेले आहेत की नाही, हे सगळे ड्रॉइंगशी ताडावे. वेल्ड आणि इतर सांधे इन्सुलेशनखाली गेलेले नसावेत. कंट्रोल व्हॉल्व्ह, ऑरिफिस प्लेट, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि फ्लो मीटर काढून त्यांच्या जागी तात्पुरता स्पूल किंवा ब्लाइंड टाकावा. लाइनमध्येच राहणारे बॉल व्हॉल्व्ह अर्धे उघडे ठेवावेत, म्हणजे बॉलमागच्या पोकळीतही दाब पोहोचतो. स्प्रिंग सपोर्टच्या लॉक पिन जागेवर असाव्यात.

वायूच्या लाइनच्या सपोर्टांकडे जरा थांबून पाहावे. २४ इंची, ९.५३ मि.मी. जाडीच्या पाइपचे स्वतःचे वजन मीटरला सुमारे १४१ किलो असते, आणि तोच पाइप पाण्याने भरला की त्यात मीटरला सुमारे २७४ किलोंची भर पडते. एरवी वायू वाहणाऱ्या लाइनचे सपोर्ट हे तिप्पट वजन धरून आखलेले आहेत का, हे स्ट्रेस इंजिनिअरला लेखी विचारावे आणि तात्पुरते सपोर्ट लागणार असतील तर त्यांचे रेखाटन फाइलमध्ये लावावे.

सापडलेल्या त्रुटी पंच लिस्टवर दोन गटांत लिहाव्यात. ज्यांच्या दुरुस्तीसाठी वेल्डिंग लागते किंवा ज्यांचा टेस्टवर परिणाम होतो त्या ‘ए’ गटात. त्या मिटल्याशिवाय टेस्ट नाही. रंगकाम, टॅग यांसारख्या ‘बी’ गटात, नंतर केल्या तरी चालतात. गाडे अडते ते सपोर्टच्या वेल्डवर. पाइपला चिकटणारा शू किंवा पॅड राहिला असेल तर तो ‘ए’च आहे, कारण टेस्ट झालेल्या पाइपवर पुन्हा वेल्डिंग केले की नवी टेस्ट करायची की नाही यावर आठवडाभर पत्रव्यवहार चालतो.

टेस्टचा दिवस

स्टेनलेस स्टीलसाठी पाण्यातील क्लोराइडचा ताजा अहवाल फाइलमध्ये लावावा; बऱ्याच स्पेसिफिकेशनमध्ये ५० पीपीएमची मर्यादा असते, आणि समुद्राजवळच्या कारखान्यात बोअरवेलचे पाणी तपासल्याशिवाय वापरणे म्हणजे भेगांना आमंत्रण देणे आहे. गेज दोन असावेत, टेस्टच्या दाबाच्या दीड ते चार पट मापाचे; वरच्या उदाहरणाला ०–६० किंवा ०–१०० बारचे गेज योग्य. पाणी खालून भरावे, सर्व व्हेंटमधून हवेचे बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत वाट पाहावी आणि मगच व्हेंट बंद करावेत.

कोडप्रमाणे दाब किमान १० मिनिटे धरावा लागतो आणि प्रत्येक सांध्याची पाहणी करावी लागते. बऱ्याच मालकांच्या स्पेसिफिकेशनमध्ये याहून अधिक वेळ मागितलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत शक्य तर टेस्ट पहाटे घ्यावी. भरून बंद केलेल्या लाइनवर ऊन चढले की पाणी प्रसरण पावते आणि पंप बंद असतानाही काटा वर सरकतो. संध्याकाळी तोच काटा खाली येतो आणि गळती नसताना गळती शोधण्याची धावपळ सुरू होते. म्हणून दाबाबरोबर तापमानाचीही नोंद ठेवावी, पंपाच्या बाजूला रिलीफ व्हॉल्व्ह बसवावा आणि भरलेली लाइन रात्रभर बंद ठेवून जाऊ नये. रिपोर्टवर तारीख, लाइनची ओळख, माध्यम, दाब आणि तपासणाऱ्याची सही हे पाच रकाने तिथेच उभ्या उभ्या भरावेत.

लाइन पूर्ववत करणे

पाणी काढताना आधी वरचा व्हेंट उघडावा, मग खालचा ड्रेन. क्रम उलटा झाला तर लाइनमध्ये निर्वात तयार होतो, आणि पातळ भिंतीच्या मोठ्या पाइपला किंवा जोडलेल्या टाकीला तो आत दाबून टाकू शकतो. स्टेनलेसच्या लाइनमध्ये पाणी साचू न देता ती हवेने सुकवावी. उघडलेल्या प्रत्येक फ्लँजवर नवे गॅस्केट टाकावे. टेस्टला वापरलेले पुन्हा लावू नये. काढलेली उपकरणे परत बसवून बाणाची दिशा पुन्हा पाहावी.

डमी बसवताना तिला लाल रंगाची शेपटी आणि क्रमांक द्यावा, आणि तोच क्रमांक फाइलमधील यादीत लिहावा. काढल्यावर यादीसमोर काढणाऱ्याची सही घ्यावी. पॅकेजमध्ये १४ डम्या गेल्या असतील तर स्टोअरमध्ये १४ परत आलेल्या मोजूनच क्यूसीने शेवटच्या पानावर सही करावी. १३ आल्या असतील, तर ती सही त्या दिवशी होत नाही.