वूड स्टोव्ह बसवताय? आधी इन्शुरन्सच्या एजंटला फोन करा

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये घर घेतलं की पहिल्याच हिवाळ्यात हीटिंग ऑइलचं बिल बघून आपल्यातले बरेच जण वूड स्टोव्हचा, म्हणजे लाकडावर चालणाऱ्या बंद शेगडीचा, विचार करायला लागतात, आणि त्यात चुकीचं काहीच नाही, लाइट गेली तरी घर गरम राहतं. पण स्टोव्ह घ्यायच्या आधी होम इन्शुरन्सच्या एजंटशी बोला, बसवून झाल्यावर नाही. कंपनीला न कळवता बसवला आणि उद्या आग लागली तर क्लेम अडकू शकतो, मग इतकी वर्षं हप्ते भरून उपयोग काय?

एजंट साधारण विचारतो की बसवणार कोण, परमिट काढलंय का, भिंतीपासून अंतर किती, आणि घरात हीटिंगची दुसरी सोय आहे का. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण फक्त स्टोव्हवरच घर गरम होत असेल तर बऱ्याच कंपन्या पॉलिसी द्यायला का-कू करतात, म्हणून जुना फर्नेस काढू नका. प्रीमियम वाढणार का ते कंपनीवर आहे, जे ठरेल ते ईमेलवर घ्या.

सेकंडहँड स्टोव्ह स्वस्तात मिळतो, पण त्याच्या पाठीमागची धातूची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. टेस्टिंग लॅबचं नाव आणि भिंतीपासून किती इंच लांब ठेवायचा ते तिथेच छापलेलं असतं. पट्टीच नसेल तर एनएफपीए २११ (चिमणी आणि स्टोव्हच्या सुरक्षेचं अमेरिकन मानक) प्रमाणे साधारण ३६ इंच मोकळे सोडावे लागतात, म्हणजे अर्धी लिव्हिंग रूम गेलीच, आणि असा स्टोव्ह कंपनीला पटवणंही अवघड, त्यापेक्षा नकोच.

जुन्या फायरप्लेसच्या चिमणीत पाइप सोडणार असाल तर सर्टिफाइड चिमणी स्वीपकडून (चिमणी साफ करणाऱ्याकडून) आत कॅमेरा घालून तपासून घ्या. टाउनचं परमिट, इन्स्पेक्टरची सही, इन्स्टॉलरचं बिल, फोटो, दरवर्षीच्या सफाईची पावती, सगळं स्कॅन करून घराबाहेर कुठेतरी म्हणजे क्लाउडवर ठेवा, घरच जळालं तर कपाटातली फाइल कुठून आणणार.

लाकूड २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचंच जाळा, ओलं जाळलं की पाइपच्या आत क्रिओसोटचा, म्हणजे धुरातून साठणाऱ्या ज्वलनशील काजळीचा, डांबरासारखा चकचकीत थर बसतो आणि चिमणीतच आग लागू शकते. आणि राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून घरापासून लांब ठेवा, डेकवर किंवा गराजमधल्या कचऱ्याच्या डब्यात अजिबात नको, वरून गार दिसली तरी आतले निखारे दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहू शकतात.