दोन शिक्षकी शाळेत पालकांना सोबत कसं घ्यायचं

नेमणुकीची ऑर्डर हातात आली आणि शाळा निघाली वस्तीवरची, पहिली ते चौथी, पट (म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या) पंचवीस-तीसच्या आसपास आणि शिक्षक दोनच, अशा ठिकाणी नव्याने रुजू झालेल्यांसाठी हे लिहितोय. डीएडला पाठ टाचण शिकवतात, पण पालकाच्या दारात उभं राहून काय बोलायचं ते कुणी शिकवत नाही, आणि लहान शाळा चालते ती अर्धी तिथेच. मी बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या ऊसतोडीच्या गावांमध्ये काम करतो त्यामुळे उदाहरणं तिकडची आहेत. तुमच्याकडे भाताची लावणी असेल, मासेमारी असेल नाहीतर वीटभट्टी असेल, तर महिने बदलून घ्या.

सगळ्यात आधी एक वाक्य डोक्यातून काढून टाका, ते म्हणजे "इथल्या पालकांना काही पडलेलीच नाही". स्टाफरूममध्ये, केंद्रात (आसपासच्या शाळांचा गट), तिथल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की खरंच वाटायला लागतं. पण सकाळी 11 वाजता पालक सभा ठेवली तर येणार कोण? त्या वेळी खुरपायला गेलेल्या बाईचा दिवसाचा रोज बुडतो आणि तो बुडवून ती बसणार कशाला, तर भाषण ऐकायला. मूल शिकावं असं न वाटणारी आई मला अजून भेटलेली नाही. वेळ आणि विषय आपण चुकीचा निवडतो.

म्हणून जूनमध्ये पहिलं काम करा, गावाचं वर्ष समजून घ्या. शाळा उघडते 15 जूनच्या आसपास (विदर्भात थोडी उशिरा) आणि नेमकी तेव्हाच पेरणीची घाई असते, त्या पंधरवड्यात सभा लावूच नका. मात्र चांगला पाऊस पडून गेला की वाफसा होईपर्यंत रानात पाय ठेवता येत नाही, तो दिवस आपला. सगळी माणसं घरी असतात, पारावर बसलेली असतात, तासाभरात निरोप फिरतो आणि सभा भरते. अमावस्येला आमच्याकडे बरेच जण औत धरत नाहीत, तोही दिवस चांगला. बाजाराचा दिवस टाळा. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसात पोरं धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहतात, तेव्हा हजेरी पडते म्हणून घाबरून जाऊ नका, आधीच आयांशी बोलून धाकट्याला अंगणवाडीत बसवायची सोय करता येते का बघा. मी एका साध्या वहीत हे सगळं महिन्यावार लिहून ठेवलंय आणि शाळेचे कार्यक्रम त्या वहीशी ताडून मग ठरवतो.

आता घरभेट. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिल्या भेटीत तक्रार अजिबात न्यायची नाही. शाळेतून माणूस आला म्हणजे पोरानं काहीतरी केलंय, असंच घरच्यांना वाटतं, बाप लगेच पोराकडे बघतो आणि पोरगं भिंतीआड होतं. तुम्ही फक्त त्याची वही घेऊन जा आणि त्यातलं एक पान दाखवा, चित्र असू दे नाहीतर बरोबर आलेली बेरीज. "काकू, हे बघा, हे त्यानं एकट्यानं केलंय." एवढंच. चहा देतील तो घ्या, नाही म्हणू नका. घरात आजी असेल तर आजीशी जास्त बोला, कारण पोरं ऊसतोडीच्या काळात कुणाकडे राहणार हे पुढे तिच्यावरच ठरणार असतं. संध्याकाळी साडेसहानंतर जावं, रानातून माणसं आलेली असतात आणि स्वयंपाक अजून चुलीवर चढलेला नसतो. दोन्ही शिक्षकांनी घरं वाटून घ्यावीत आणि बाईमाणूस एकटीच असलेल्या घरी जाताना शेजारच्या मावशींना सोबत घ्यावं, गावात वावरताना हे भान लागतंच.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आई हमखास म्हणते, "गुरुजी, मला वाचता येत नाही, मी काय बघू?" इथे बरेच शिक्षक "लक्ष द्या, अभ्यास घ्या" म्हणून निघून जातात. त्याऐवजी तिथंच ओट्यावर बसून दाखवा. पोराला पुस्तक उघडायला लावा आणि शब्दाखाली बोट ठेवून वाचायला सांगा. आईला म्हणा, तुम्ही अक्षरं बघू नका, बोट बघा. बोट सरळ पुढं चाललं तर पोरगं वाचतंय, बोट अडलं की तिथं अडचण आहे आणि बोट एकीकडे, तोंड भलतीकडे चाललं तर पाठ केलेलं म्हणतंय. मग शेवटी "काय होतं रे गोष्टीत, मला सांग" एवढं विचारायचं. भाकरी थापता थापता हे होतं, रोज दहा मिनिटं. मी बघितलंय, अडलेल्या शब्दावर आई हरभऱ्याचा दाणा ठेवते आणि सकाळी पोरगं येऊन सांगतं, गुरुजी आज तीन दाणे होते. शाळेत आल्यावर तेवढे तीन शब्द घ्यायचे. हे एकदा सुरू झालं ना, की मग सभेला बोलवायला निरोप पाठवावा लागत नाही कारण त्या आईला आपल्या पोराबद्दल विचारायला काहीतरी असतं.

यालाच जोडून माता गट. राज्यात 2022 पासून शाळापूर्व तयारीचं "पहिले पाऊल" अभियान चालतं, एप्रिलला एक मेळावा आणि शाळा उघडताना दुसरा, त्यात सात स्टॉल असतात, नोंदणीपासून शारीरिक, बौद्धिक, भाषा, गणन, सामाजिक-भावनिक आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. बऱ्याच ठिकाणी बॅनर, फोटो, अहवाल आणि संपलं असं होतं. तसं करू नका. खरा उपयोग मधल्या दीड-दोन महिन्यांत असतो, शेजारशेजारच्या चार-पाच आयांचा गट करायचा, त्यातली एक लीडर माता आणि तिच्याकडे आयडिया कार्ड, म्हणजे घरी मुलाकडून करून घ्यायच्या कृतींची कार्डं. लीडर निवडताना शिकलेलीच बघू नका, जिच्या ओट्यावर बायका आपोआप जमतात ती निवडा, वाचून दाखवायला तिची चौथीतली पोरगी आहेच की. खडे मोजणं, डाळी वेगळ्या करणं, गोष्ट सांगणं, हे तिला आपल्यापेक्षा चांगलं येतं.

पोषण आहार हा पालकांना शाळेत आणायचा सगळ्यात सोपा रस्ता, आणि तो आपण फार कमी वापरतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ, जेवणातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष आहे, हे किती पालकांना माहीत असतं? भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मुलांना वाढण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी जेवण चाखावं आणि त्यात एक तरी शिक्षक असावा असा नियम आहे. या चाखण्याला रोज एका आईला नाहीतर आजीला बोलवा, पाळी लावा. आमच्याकडे एका आजींनी पहिल्याच घासाला सांगितलं, "मटकी दाताखाली येतीय, रात्रीच भिजू घालत जा गं." स्वयंपाकीण ताईंना थोडा राग आला, पण दुसऱ्या दिवसापासून मटकी मऊ आणि ताटात उरणारं उष्टंही कमी झालं. जेवण चाखल्याची नोंद ठेवतो त्या चव वहीत त्यांचं नाव लिहून अंगठा घेतला तर त्यांना वाटतं की आपण शाळेच्या कामाला आलो. बरं, चाखायला आलेली आजी दहा मिनिटं वर्गाच्या दारात उभी राहतेच आणि नातू काय करतोय ते बघते. तिला आत बोलवा. जात्यावरची ओवी म्हणायला सांगा, पोरं गप्प बसून ऐकतात.

आता शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला, त्यात समितीचे 75 टक्के सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. अध्यक्ष पालकांतूनच, सचिव मुख्याध्यापक. कागदावर सगळीकडे हे असतंच हो, पण सह्या घरी पाठवून घ्यायच्या आणि बैठक झाली म्हणून लिहायचं, ही सवय सुरुवातीलाच मोडा. निवडीच्या सभेत पुढाऱ्याचाच माणूस अध्यक्ष व्हावा असा दबाव येतो, तेव्हा वाद घालत बसू नका, फक्त एवढंच म्हणा की ज्याचं मूल सध्या शाळेत शिकतंय त्यांच्यातूनच निवड आहे, आणि वस्तीवरच्या प्रत्येक वाड्यातून एक जण येईल असं बघा. महिलांच्या वेळेला बैठक घेतली तर महिला बोलतात, तिथं नवरे मागून उत्तरं द्यायला लागले तर त्यांना हसत पण स्पष्ट सांगा की दादा, ताईंना बोलू द्या.

बैठकीत मोघम "शाळेचा विकास" असा विषय ठेवू नका, त्यावर कुणी काही बोलत नाही. एकच ठोस गोष्ट ठेवा. पावसात मुलींच्या बाथरूमपर्यंत चिखल होतो, काय करायचं? लगेच कोण मुरूम आणतो, कोण ट्रॅक्टर देतो, कोण येऊन पसरवतो. तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा समितीनंच करायचा असतो आणि आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरपर्यंत तयार हवा. तो ऑफिसात बसून भरण्यापेक्षा समितीला घेऊन शाळेभोवती चक्कर मारा, कुठे पत्रा गळतो, कुठे वायर लोंबतेय, नळाला तोटी आहे का, बघत बघत लिहून घ्या.

पैशाचं मात्र पहिल्या दिवसापासून उघडं ठेवा. गावात समज असतो की शाळेला लाखो रुपये येतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषात 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान (सगळ्या किरकोळ खर्चांसाठी मिळून एकच रक्कम) 10 हजार आहे आणि 31 ते 100 पटाला 25 हजार, त्यातच खडू, दुरुस्ती, स्वच्छता सगळं बसवायचं. हा आकडा आणि खर्च फळ्यावर लिहिला की अर्ध्या शंका तिथेच मिटतात. लोकवर्गणी घेतली तर नावासकट यादी लावा, पण ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांचं श्रमदान त्याच यादीत, त्याच अक्षरात लिहा. कुणाचंही मूल वर्गणीवरून ओळखलं जाता कामा नये.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल थोडक्यात. फोन बहुतेक बापाजवळ असतो आणि रिचार्ज संपलेला असतो. लांबलचक मेसेज कुणी वाचत नाही, अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट सगळं घर ऐकतं. ग्रुपवर कुणाच्याही मुलाची चूक टाकायची नाही, गुड मॉर्निंग आणि राजकारण बंद.

इंग्लिश मीडियमची पिवळी व्हॅन वस्तीवर यायला लागली की पटाची भीती वाटते, ती साहजिक आहे. त्या शाळेला नावं ठेवून उपयोग नाही. त्यापेक्षा महिन्यातून एका शनिवारी पालकांसमोर मुलांना वाचायला लावा, तेही त्यांनी न पाहिलेलं पुस्तक, पालकांनीच पान उघडून द्यायचं. सोबत इंग्रजीची चार वाक्यं बोलू द्या. आणि पालकांच्या कागदपत्रांच्या अडचणीत मदत करा, आधारवरचं नाव चुकलंय, जन्माचा दाखला नाही, बँकेत खातं निघत नाही. हे काम आपलं नाही असं वाटेल, पण आधार नीट नसेल तर पटाच्या आकड्यात ते मूल अडकतं आणि त्या बापाचे दोन रोज वाचवले तर तो ते विसरत नाही.

राहिला स्थलांतराचा विषय. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या साखर कारखान्याला निघतात त्या थेट गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मूल थांबवायचं असेल तर टोळी निघताना ट्रॅक्टरसमोर उभं राहून बोलून काही होत नाही, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, सामान भरलेलं असतं. पोळा-गणपतीच्या दिवसांत घरोघरी विचारा, मूल कुणाजवळ राहू शकतं, आजी आहे का, आजीची तब्येत कशी, रात्रीच्या जेवणाचं काय. त्या यादीवरून हंगामी वसतिगृहाचा (आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावात थांबलेल्या मुलांच्या सोयीचा) प्रस्ताव समितीच्या ठरावासह वेळेत पाठवा, मंजुरीला वेळ लागतो म्हणून उशीर नको. मोठ्या मुलीला धाकट्याला सांभाळायला नेतात, तेव्हा त्या धाकट्याचीही सोय सांगितल्याशिवाय आई तिला ठेवणार नाही, हे लक्षात ठेवा. आणि जे मूल जाणारच आहे त्याच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्या, ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत त्याला लगेच बसवता येतं, आईला ते पत्रक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या कारण कोपीत (तोडीवरच्या झोपडीत) सगळं भिजतं. हजेरीतून नाव काढू नका. पंधरा दिवसांनी फोन करून मुलाशीच बोला, नुसतं "कुठवर वाचलंस" एवढं विचारलं तरी परत आल्यावर ते वर्गात यायला लाजत नाही. इथे थांबलेल्या मुलांना आठवड्यातून एकदा आईबापाला व्हिडिओ कॉल लावून द्या, शाळेच्याच फोनवरून. रडतील, रडू द्या, जवळ बसा.

शेवटचं, बदली. आपण जातो आणि सगळ्या घरांची माहिती आपल्यासोबत जाते. म्हणून प्रत्येक घराचं एक पान करा, आई-वडील कुठल्या कामाला, कधी गावात असतात, मूल कुणाकडे राहतं, घरात वाचणारं कोण, कोणत्या वेळी गेलेलं चालतं. भांडणं, कर्ज, आजारपण यातलं काही त्यात लिहू नका, ते लोकांनी विश्वासानं सांगितलेलं असतं. वही नव्या शिक्षकाच्या हातात द्या आणि एका संध्याकाळी त्यांना सोबत घेऊन वस्तीवर फिरा, निदान जिथं पोरं आजीजवळ राहतात त्या घरी तरी नक्की.