पोरं हसू नयेत म्हणून: भयपटाचा ट्रेलर कट करताना

पहिला कट दाखवला तेव्हा पोरं हसली. तेही चाळिसाव्या सेकंदाला, जिथे मी पांढऱ्या साडीतली बाई आणली होती, बरोबर तिथेच. 'मावशी, ही तर थेट पार्लरमधून आलीये,' एकजण म्हणाला. त्यानंतरचं एक मिनिट कोणी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही.

रविवार कारंजाजवळच्या माझ्या एडिटिंगच्या खोलीत चौदा वर्षं फक्त लग्नं झाली. हळद, सप्तपदी, पाठवणी. झोपेत बसवलं तरी कट करीन. भाचा आणि त्याच्या कॉलेजच्या मित्रांनी जुन्या नाशकातल्या एका वाड्यात बावीस मिनिटांची फिल्म केली. बंद माजघरात रात्री दोन वाजता जातं फिरतं, एवढीच गोष्ट. ट्रेलर मात्र 'मावशी आहे ना' म्हणून माझ्या गळ्यात पडला. तो मी पाच वेळा कट केला. त्यानंतर असे आठ-नऊ ट्रेलर झाले असतील. ज्यांच्याकडे स्वतःची फिल्म, एक लॅपटॉप आणि बरा हेडफोन आहे आणि खिशात फारसं काही नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी बघणाऱ्यांना बघा

पहिला कट फसल्यावर मी दोन संध्याकाळी कॉलेज रोडला एका चहाच्या टपरीवर जाऊन बसले. एक फोन, चार डोकी. इअरबड दोन, तेही दोघांच्या एकेका कानात. बाकीचे दोघे नुसते बघतायत. मागे रिक्षांचे हॉर्न. अंगठा स्क्रीनवर तयारच, आवडलं नाही की सरकव. ट्रेलर इथे बघितला जातो. मी तो कट करत होते पडदे ओढून, मोठ्या स्पीकरवर, एकटी.

अजून एक दिसलं. एखादा ट्रेलर आवडला की कोणी 'छान आहे' म्हणत नाही. तो लगेच कोणाला तरी पाठवतात, आणि खाली लिहितात, 'रात्री बघ, एकटी असताना.' स्वतः घाबरण्यापेक्षा दुसऱ्याला घाबरवण्यात मजा जास्त. थिएटरचं तिकीट काढतानाही हीच पैज असते: तू डोळे झाकशील, मी नाही झाकणार. मार्विन झुकरमन या मानसशास्त्रज्ञाने थरार शोधण्याची ही ओढ मोजायला १९६४ मध्ये एक मोजपट्टीच तयार केली. ही ओढ विशीच्या आसपास जोरात असते आणि वयाबरोबर ओसरत जाते. माझी पार ओसरली आहे. म्हणून ट्रेलर मला भीतीदायक वाटतो की नाही, याला मी आता काडीचीही किंमत देत नाही.

तेव्हा कट झाला की तो फोनवर टाका, उन्हात उभं राहून बघा, एकच इअरबड लावून. मग आवाज पूर्ण बंद करून. मग फोनच्याच स्पीकरवर. माझ्या पहिल्या कटमध्ये एक भलाथोरला 'धडाम' होता, खोलीतल्या कपाटाच्या काचा थरथरायच्या. फोनवर तो 'टक' असा आला. फोनच्या इवल्याशा स्पीकरला खर्जातला आवाज झेपतच नाही. त्यामुळे भीती खर्जावर उभी करू नका. कडी, लाकडाची कुरकुर, नखं, ओढलेला श्वास, हे आवाज फोनवर नीट पोचतात. धडाम हवाच असेल तर त्याच्यावर एक कोरडा आवाज चढवा, लाकूड मोडल्यासारखा. हेडफोनवाल्याला दोन्ही मिळतील, फोनवाल्याला निदान एक.

आमचं नशीब की आमच्याकडे जातं होतं. दगडावर दगड, ती घरघर. मला ती आजीच्या घरची पहाट वाटते. भाच्याच्या मित्रांपैकी निम्म्यांनी तो आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. कशाचा आवाज आहे ते कळत नाही आणि तो थांबत नाही, याच्याइतकं भीतीदायक मला विकत आणता आलं नसतं. बाजारात तयार 'हॉरर' आवाजांचे गठ्ठे मिळतात, पण ते सगळ्यांनीच वापरलेत. पोरं ते ओळखतात आणि पुढे काय येणार हेही ओळखतात.

एक प्रश्न, सांगता येईल असा

आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आणला, तेव्हा त्यांची एक जाहिरात गाजली होती: सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, तिकीट फक्त तीन आणे. पुढे त्यांनी कंपनी मुंबईहून नाशकात आणली आणि पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, हे आपण शाळेच्या सहलीपासून ऐकतो. ही जाहिरात मात्र वहीत लिहून ठेवावी अशी आहे. तिच्यात कथा कुठेच नाही. घरी जाऊन दुसऱ्याला सांगता येईल असं एक वाक्य आहे.

ट्रेलरला असंच एक वाक्य लागतं, आणि आपल्या कामात ते बहुधा प्रश्न असतं. कट सुरू करायच्या आधी कागदावर लिहा. आम्ही पहिल्यांदा लिहिलं होतं, 'सावित्रीच्या मृत्यूमागचं रहस्य काय?' हे कोण कोणाला सांगणार? मग भाचा सहज म्हणाला, 'पण जातं कोण फिरवतं?' झालं. जो शॉट या प्रश्नाच्या कामाचा नाही तो मी काढला. त्यात ड्रोनने घेतलेला गोदाघाटाचा शॉटही गेला. त्यावरून कॅमेरावाला मुलगा माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. ड्रोन भाड्याने आणला होता, त्याचं दुःख मला कळतं.

आणि उत्तर द्यायचं नाही. भूत दाखवायचं नाही, भूत बघणाऱ्याचा चेहरा दाखवायचा. पांढरी साडी मी त्याच दिवशी काढून टाकली. चेहऱ्याचा शॉट निवडताना किंचाळणारा घेऊ नका. किंचाळायच्या आधीचा, ओठ नुसते उघडलेला घ्या. फिल्ममध्ये तसा शॉट नसेल तर फक्त ट्रेलरसाठी वेगळं शूट करायला काहीच हरकत नाही. दिग्दर्शक हिचकॉकने १९६० मध्ये 'सायको'साठी साडेसहा मिनिटांचा ट्रेलर केला. त्यात तो स्वतः सेटवर फिरून इथे काय घडलं ते खुणेने सांगतो आणि ऐन वेळी थांबतो.

पाणी कुठपर्यंत आलं?

नाशिककरांना चढती भीती शिकवायची गरज नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं गाव एकच विचारतं: गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत? पायाला लागलं. गुडघ्यापर्यंत. कमरेला. लोक मुद्दाम पुलावर जाऊन बघतात. विसर्गाचा क्युसेकचा आकडा पेपरात असतोच, पण छातीपर्यंत आलं म्हटल्यावर पोटात जे होतं ते आकड्याने होत नाही.

ट्रेलरलाही असा एक मारुती हवा, म्हणजे बघणाऱ्याला 'आता इथपर्यंत आलं' हे मोजता येईल अशी एकच वस्तू. आमच्याकडे माजघराचं दार होतं. पहिल्या वेळी दार बंद, कडी लावलेली, लांबून. दुसऱ्या वेळी कडी लावलेली, पण दाराखालून पिठाची बारीक रेघ बाहेर आलेली. तिसऱ्या वेळी कडी निघालेली. चौथ्या वेळी दार दिसतच नाही, मुलीच्या चेहऱ्यावर फक्त त्याचा उजेड सरकतो. नव्वद सेकंदांत एवढंच घडतं. मधले संवाद, पळापळ, टॉर्च, सगळा भराव आहे, आणि तो भराव म्हणूनच ठेवायचा.

सुरुवातीचे शॉट तीन-चार सेकंदांचे ठेवा, मग कमी करत सेकंदावर या. पण शेवटपर्यंत नुसता वेग वाढवत नेऊ नका. हा तर पोरांना पाठ झालेला साचा आहे. वेग वाढला, आता पाणी मारुतीच्या डोक्यावरून जाणार असं वाटलं, की थांबा. एक लांब, जवळजवळ न हलणारा शॉट ठेवा. आमच्या ट्रेलरमध्ये तिथे सहा सेकंद नुसतं जातं आहे, थांबलेलं. टपरीवर त्या सहा सेकंदांत कोणी अंगठा हलवला नाही. मी मोजलं.

कडीचा तो एक सेकंद

दचकवायची जागा एकच ठेवा. फार तर दोन. त्या एका जागेवर मी अख्खा गुरुवार घालवला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अचानक मोठा आवाज झाला की डोकं विचार करायच्या आत अंग दचकतं, पापण्या मिटतात. हे सगळ्यांचंच होतं. अडचण अशी की आजच्या मुलांना शांतता आली की कळतं, आता येणार. खांदे आधीच वर जातात. म्हणून त्यांची ती तयारी आधी खर्च करून टाकायची. आमच्याकडे मुलगी दाराकडे हात नेते, सगळं शांत होतं, आणि कुकरची शिट्टी होते. मुलगी दचकते, हसते. टपरीवरची पोरंही हसतात. इथे हसलेली मला हवी आहेत. हसताना श्वास सुटतो, खांदे खाली येतात. मग मी तेवीस फ्रेम जाऊ देते. आपण सेकंदाला चोवीस फ्रेमवर काम करतो, म्हणजे सेकंदाला एक कमी. पूर्ण सेकंद ठेवून बघितला तर ताल ओळखीचा वाटत होता. मग कडी पडते. आत काही दिसत नाही, नुसती लोखंडी कडी दगडी उंबऱ्यावर आपटते. आणि लगेच काळी स्क्रीन, पण घरघर चालू.

तो कडीचा आवाज मोठा वाटतो, पण तो खरा मोठा नाही, त्याच्या आजूबाजूचं मी लहान केलंय. अख्खा ट्रेलर कानठळ्या बसतील इतका चढवला, तर यूट्यूब ठरावीक मर्यादेच्या वरचा एकूण आवाज खाली आणतं, आणि त्याबरोबर तुमची कडीही खाली येते. भांड्याला भांडं लागत असेल त्या स्वयंपाकघरात चमचा पडला तर कोणाला कळणार?

उरलेलं भराभर सांगते. फोनसाठी उभा कट वेगळा करा. आडवा नुसता कडेने छाटला तर चेहरे अर्धे होतात. सुरुवातीचे पाच सेकंद नाव आणि लोगोवर घालवू नका. जाहिरात म्हणून ट्रेलर चालवलात तर पाच सेकंदांनी 'स्किप' येतं, म्हणून पिठाची रेघ तिथेच दाखवा. लखलखणारा उजेड सेकंदाला तीन वेळांपेक्षा जास्त नको, काहींना त्याने फिट येऊ शकते. आणि तसंही ते स्वस्त दिसतं. दुसऱ्याचं संगीत 'थोडंसंच तर आहे' म्हणून उचलू नका. थिएटरात दाखवायचा असेल तर ट्रेलरलाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. बालगीत संथ करून लावायची युक्ती आता पुरे. आम्ही एका मुलीकडून ओवीची नुसती चाल गुणगुणून घेतली, शब्दांशिवाय, माझ्या खोलीत, पंखा बंद करून.

आणि 'सत्य घटनेवर आधारित' लिहायचं नाही, घटना सत्य नसेल तर. आम्ही ते लिहिलं नव्हतं, पण एका मुलाने ट्रेलर टाकताना कौतुकाने वाड्याच्या गल्लीचं नाव दिलं. व्हायचं तेच झालं. तिसऱ्या रात्री अकराच्या सुमाराला चार मुलं फोनचे टॉर्च लावून वाड्याच्या दारात. नाव लगेच काढलं, पण तोवर बरीच येऊन गेली. वाड्यात एक आजी एकट्या राहतात. मी दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. त्या काही रागावलेल्या दिसल्या नाहीत. ओसरीवर दोन मुलं जात्याशी बसली होती, शेजारी सुपात तूर. एकजण खुंटा फिरवत होता, घामाघूम, दुसरा व्हिडिओ घेत होता.

'फोन ठेव आधी खिशात,' आजी त्याला म्हणत होत्या. 'आणि मूठमूठ टाक. नाहीतर भरड बिघडते.'