पहिल्या वर्षाची मुले महाविद्यालयात रुळावीत म्हणून

साताऱ्यात पदवीच्या पहिल्या वर्षाला माण-खटावच्या दुष्काळी गावांतली, पाटण-जावळीच्या डोंगरातल्या वाड्यांवरची आणि शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतली मुले एकाच बाकावर येतात. त्यांना रुळवण्याची जबाबदारी ज्या प्राध्यापकांवर असते, त्यांनी पहिल्या तासाला प्रत्येकाला उभे करून गाव, वडिलांचा व्यवसाय आणि बारावीचे गुण विचारण्याची पद्धत आधी थांबवावी. माझ्या वर्गात एका मुलीने वाडीचे नाव इतके हळू सांगितले की मी ते पुन्हा विचारले, मागून कोणी तरी हसले, आणि पुढचा महिनाभर ती दाराजवळच्या बाकावरून हलली नाही. ती चूक माझी होती.

ओळख कामातून होऊ द्यावी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामेही मिळून करत. आपणही चार-चार जणांचे गट स्वतः पाडावेत, कारण निवड मुलांवर सोडली की एका शाळेची मुले एकत्र बसतात आणि एकटा आलेला एकटाच राहतो. प्रयोगवहीची तपासणी किंवा ग्रंथालयातील पुस्तकांची मांडणी यांसारखे ठरावीक काम गटाला द्यावे.

शिष्यवृत्तीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण शिक्षण अर्ध्यावर सुटण्याचे कारण पुष्कळदा पैसाच असते. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरचा अर्ज मुलांना घरून भरायला न सांगता संगणक कक्षात शेजारी बसून भरून घ्यावा. जातीचा व उत्पन्नाचा दाखला तर पाहावाच, पण आधार कोणत्या बँक खात्याला जोडले आहे हेही त्याच वेळी तपासावे; ते जुन्या, बंद पडलेल्या खात्याला जोडलेले असेल, तर मंजूर झालेली रक्कमही हाती येत नाही.

इंग्रजीतील संज्ञा पहिले सत्रभर मराठीतही सांगाव्यात.

जादा तास ठेवताना एसटीचे वेळापत्रक समोर असावे. तास संपण्याआधीच एखादा मुलगा दप्तर आवरू लागला, तर त्याला टोकण्यापूर्वी त्याच्या गावाची शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे त्याला बाजूला घेऊन विचारावे.