ई-रीडरवर मराठी वाचताय? फाइलच्या या चुका टाळा

आमच्या बेळगाव भागात येळ्ळूर, कडोली, उचगाव अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात. त्यांच्या स्मरणिका हल्ली पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. खानापूरच्या बसमध्ये तीच पीडीएफ ६ इंची ई-रीडरवर उघडली की डोळे शिणतात. पान ए-फोरचं, पडदा तळहाताएवढा. अक्षर मोठं करावं तर ओळ बाहेर पळते. ईपब या ई-पुस्तकाच्या फाइल प्रकारात तसं होत नाही, मजकूर पडद्याच्या रुंदीत आपोआप बसतो.

म्हणून लोक कॅलिबर या ई-पुस्तकं रूपांतरित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफचं थेट ईपब करतात, आणि घात तिथेच होतो. मी आजोबांची कविता असलेली स्मरणिका अशीच बदलली होती. 'माय' या शब्दाच्या जागी अंडरस्कोर, इंग्रजी एम आणि एक तिरकी खूण! फार वाईट वाटलं. कारण असं, की जुनं डीटीपी, म्हणजे छपाईसाठीची संगणकावरची अक्षरजुळणी, श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये झालंय. फाइलच्या पोटात इंग्रजी चिन्हंच असतात, त्यांना देवनागरी रूप देतो तो फाँट. रूपांतरात फाँट सुटला की चिन्हं उघडी पडतात.

म्हणून आधी पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून मोबाइलच्या नोट्समध्ये पेस्ट करा. मराठी उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत आहे, खुशाल ईपब करा. चिन्हांची खिचडी आली तर आधी युनिकोड कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये बदला. ओळ निवडताच येत नसेल तर तो स्कॅन आहे. गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर सुटा होतो. जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांखालून घालाच.

अ‍ॅमेझॉनचा किंडल ई-रीडर वापरणाऱ्यांची चूक वेगळी. केबलने टाकलेली ईपब तिथे दिसत नाही. नावापुढचं ईपब खोडून मोबी (किंडलचा जुना फाइल प्रकार) लिहिल्याने फाइल बदलत नाही. सेंड टू किंडल या अ‍ॅमेझॉनच्या सेवेने पाठवा, २०२२ पासून तिथे ईपब चालते. नाहीतर कॅलिबरमधून एझेडडब्ल्यू३ हा किंडलचा नवा फाइल प्रकार करा. जुन्या मोबीत फाँट सोबत जात नाही, त्यामुळे मराठीसाठी ती नकोच.

स्मरणिकेच्या समितीत कुणी ओळखीचं असेल तर डीटीपीवाल्याकडून मूळ फाइल मागून घ्या. पीडीएफ उसवत बसण्यापेक्षा त्या मूळ मजकुराचं युनिकोड करून ईपब बनवणं कितीतरी सोपं जातं. माझ्या आजोबांची कविता शेवटी अशीच वाचता आली.