टाइमस्टेप निम्मी केली की लाइनविड्थही निम्मी!

राजारामपुरीतल्या खोलीवर लॅपटॉपवर जोसेफसन जंक्शनचं सिम्युलेशन चालवत होतो. जंक्शन म्हणजे दोन सुपरकंडक्टरमधला पातळ जोड; त्यावर व्होल्टेज आलं की करंट ठराविक फ्रिक्वेन्सीनं झुलायला लागतो. हा ऑसिलेटर भलताच नाजूक. व्होल्टेज १ मायक्रोव्होल्टनं हललं की फ्रिक्वेन्सी ४८३.६ मेगाहर्ट्झनं सरकते, त्यामुळे रेझिस्टन्समधला उष्णतेचा नॉइज थेट लाइनविड्थमध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या रेषेच्या रुंदीत, उतरतो.

माझी लाइनविड्थ मात्र दर वेळी वेगळी. टाइमस्टेप (सिम्युलेशन वेळेत एका वेळी जेवढं पुढं सरकतं ती) निम्मी केली, तर तीही निम्मी! दोन रात्री एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढायचं गणित) उलटंपालटं करण्यात गेल्या. रूममेट म्हणाला, "भावा, स्टेप बदलून उत्तर बदलतंय म्हणजे गणितच चुकलंय की!" गडी कॉमर्सचा, पण बरोबर बोलला.

चूक एकाच ओळीत होती. प्रत्येक स्टेपला मी सारख्याच आकाराचा रँडम करंट देत होतो. त्याला टाइमस्टेपच्या वर्गमुळानं भागायला हवं होतं. तेवढं केलं आणि ४.२ केल्विन, १ ओहम, बायस (बाहेरून दिलेला स्थिर करंट) क्रिटिकल करंटच्या, म्हणजे जंक्शन व्होल्टेजशिवाय वाहू देतं त्या मर्यादेच्या, बराच वर ठेवून आकडा १७० मेगाहर्ट्झच्या आसपास थांबला. सूत्रही तेच सांगतं. बायस खाली आणला की डायनॅमिक रेझिस्टन्स (करंट जरासा बदलला की व्होल्टेज किती बदलतं ते) वाढतो, आणि रेषा त्याच्या वर्गाच्या हिशेबानं पसरते. ते आज रात्री बघतो, लाईट राहिली तर.