व्हॅनमधला फ्रिज रात्री बंद पडायचा, त्याचा उपाय

गुहागरला सुरूच्या बनात व्हॅन लावली, की दुसऱ्या पहाटे फ्रिज बंद. दूध नासायचं, मुलीचं औषध गार राहत नसे, जीव टांगणीला लागायचा. बॅटरी १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड. कागदावर १२०० वॉट-अवर (साठलेली वीज मोजायचं एकक), पण टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ६००.

मग वापर मोजला. फ्रिज दिवसाला साधारण ५०० वॉट-अवर, पंखा १२०, दिवे-मोबाइल १००. खरा चोर निघाला इन्व्हर्टर! १२ व्होल्टचा फ्रिज मी त्याच्यावरून चालवत होतो आणि इन्व्हर्टर नुसता चालू राहूनच तासाला १२ वॉट-अवर खायचा. दिवसाला जवळपास २९०.

फ्रिज थेट बॅटरीला जोडला, जाड वायर आणि फ्यूज घालून. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, हे आवर्जून सांगतो. बॅटरीही बदलून १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली: १२८० वॉट-अवर, त्यातले हजारेक निर्धास्त वापरता येतात.

२०० वॉटचं सोलर पॅनेल आहे, पण झाडाखाली ते जवळपास निकामी. म्हणून गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) ही बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर बसवला. २० अँपिअरने दोन तासांच्या प्रवासात ५०० वॉट-अवर भरतात. परवा तीन रात्री राहिलो, रोज थोडं फिरून. दूध गार होतं.